पहिली रात्र एकदाच येते: अर्ली ॲक्सेसमध्ये सर्व्हायव्हल गेम विकणाऱ्या निर्मात्यांना खुले पत्र

सन्माननीय निर्मातेहो,

सप्रेम नमस्कार.

गेली दहा-बारा वर्षे मी तुमचे खेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता विकत घेत आलो आहे, आणि त्यांतल्या काहींवर मी जितका वेळ घालवला आहे तितका रीतसर पूर्ण होऊन आलेल्या मोठ्या खेळांवरही घालवलेला नाही. त्यामुळे हे पत्र एखाद्या रुसलेल्या ग्राहकाचे आहे असे कृपया समजू नये. परंतु नवा सर्व्हायव्हल गेम, म्हणजे तग धरून जगण्याचा खेळ, अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला की दर वेळी एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे आज यात पुरेसा कंटेंट आहे का आणि यातली मजा किती दिवस टिकेल. या प्रश्नाला तुम्ही ज्या पद्धतीने उत्तर देता ती मला चुकीची वाटते, आणि ती का चुकीची वाटते हे नीट मांडता यावे म्हणून हा पत्रप्रपंच.

तुमचे उत्तर सहसा आकड्यांत असते. स्टोअरच्या पानावर बायोम (म्हणजे खेळातले वेगवेगळे प्रदेश) किती, शस्त्रे किती, बांधकामाचे तुकडे किती आणि हे सगळे पाहून व्हायला तास किती लागतील याची यादी असते, आणि आम्ही खेळाडूही किमतीला तासांनी भागून सौदा परवडला की नाही ते ठरवतो. कथेच्या आधाराने चालणाऱ्या खेळाला हे माप कदाचित लागू पडेल. सर्व्हायव्हल गेमला ते लागू पडत नाही, आणि याचा पुरावा तुमच्या घराण्याच्या मूळपुरुषातच सापडतो. माइनक्राफ्ट २००९ पासून अपूर्ण अवस्थेत लोकांच्या हाती होता, त्याची पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली, आणि त्याआधीच लाखो लोकांनी त्यासाठी पैसे मोजले होते. मात्र त्यात भुकेची पट्टी आली ती सप्टेंबर २०११ मध्ये, म्हणजे पूर्ण आवृत्तीच्या जेमतेम दोन महिने आधी. तोवर अन्नाचा उपयोग खाल्ल्याबरोबर जखम भरून येण्यापुरताच होता. ज्याच्यामुळे हा सगळा प्रकार घरोघरी पोचला त्या खेळात बराच काळ भूक नव्हती आणि गाठण्याजोगा शेवटही नव्हता. तरीही सूर्य कलू लागला की हातातले काम टाकून मातीच्या चार भिंती उभ्या करण्याची जी धांदल उडे, तेवढ्यावर लोक महिनोन्महिने खेळले.

माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या खेळांतली मजा दोन गोष्टींवर उभी असते, टंचाईवर आणि अज्ञानावर. आपल्याजवळ काय नाही हे सतत जाणवत राहणे आणि पलीकडच्या टेकडीमागे काय आहे हे माहीत नसणे, या दोहोंच्या ताणातून खेळाडू घराबाहेर पडतो, काहीतरी कमावून किंवा गमावून परत येतो, आणि परत आल्यावर त्याला पुढची, आधीपेक्षा थोडी मोठी गरज दिसू लागते. हे वर्तुळ पहिल्या दिवसापासून पुरे असेल तर खेळ लहान असूनही पुरतो. द लाँग डार्क सप्टेंबर २०१४ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आला तेव्हा त्यात कथा नव्हतीच. ती ऑगस्ट २०१७ मध्ये आली. सुरुवातीला होते ते बर्फाने झाकलेले एक निर्मनुष्य जग, थंडी, थकवा, तहान, भूक आणि मेल्यावर सगळी वाटचाल पुसून टाकणारा कठोर नियम. पण काडेपेटीत किती काड्या उरल्या आहेत, वारा कोणत्या बाजूचा आहे आणि समोरच्या झोपडीपर्यंत पोचायच्या आत अंधार पडेल का, एवढ्या तीन विचारांनीच संध्याकाळ भरून जात असे. वस्तूंची यादी करायला बसले तर तो खेळ गरीब ठरला असता.

याउलट, वर्तुळ तुटके असेल तर त्यात कितीही भर घातली तरी उपयोग होत नाही, आणि अर्ली ॲक्सेसमधले निम्मेअधिक खेळ माझ्या मते इथेच अडकतात. झाड तोडा, कुऱ्हाड बनवा, चांगल्या कुऱ्हाडीने मोठे झाड तोडा, हे सगळे त्यांत असते. फक्त ते कशासाठी करायचे याचा पत्ता नसतो, कारण बाहेरचा धोका अजून बनवायचा राहिलेला असतो किंवा भूक ही केवळ दर पाच मिनिटांनी एक बटण दाबायला लावणारी कटकट असते. या बाबतीत व्हालहाइमने घेतलेला निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. तिथे उपाशी राहिल्याने कोणी मरत नाही; चांगले खाल्ले की जीवनशक्ती आणि दम यांची मर्यादा वाढते, म्हणून दलदलीत उतरण्याआधी खेळाडू स्वतःहून चुलीपाशी थांबतो. शिक्षेऐवजी तयारी हा अन्नाचा अर्थ झाल्याबरोबर तेच काम कंटाळवाणे राहत नाही. हा फरक एखाद्या नव्या बायोमने साधला नसता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. टंचाई आणि अज्ञान या दोन्ही खर्चून संपणाऱ्या गोष्टी आहेत. लोखंड कुठे मिळते हे एकदा कळले की ते पुन्हा न कळल्यासारखे करता येत नाही, आणि पहिल्या रात्री ज्या आवाजाने अंगावर काटा आला तो कोणत्या प्राण्याचा आहे हे समजल्यावर दुसऱ्यांदा खेळताना आपण फक्त बाण किती उरले ते पाहतो. म्हणजे अर्ली ॲक्सेसमध्ये खेळ विकत घेणारा माणूस पैशांखेरीज आणखी एक किंमत मोजत असतो. त्या खेळातला आपला पहिलेपणा तो अपूर्ण आवृत्तीवर उधळून टाकतो, आणि दोन वर्षांनी पूर्ण झालेला खेळ हाती येतो तेव्हा तो आधीच परिचयाचा झालेला असतो. इतर प्रकारांत हे नुकसान इतके मोठे नसते. पत्त्यांच्या किंवा लढाईच्या खेळात सरावाने मजा वाढते. तुमच्या खेळात सरावाने सुरक्षितता वाढते आणि सुरक्षितता वाढली की खेळ संपत येतो.

सबनॉटिकाचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०१४ मध्ये तो अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण झाला. त्या तीन वर्षांत त्याच्या निर्मात्यांनी खेळाडूंचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकले, आणि शेवटी जे हाती आले ते या प्रकारातल्या सर्वोत्तम खेळांपैकी एक आहे याबद्दल माझे दुमत नाही. परंतु त्या खेळाचा सगळा जीव 'या पाण्याखाली आणखी किती खोल आहे आणि तिथे काय आहे' या एका भीतीत आहे. ज्यांनी ती भीती कथा पूर्ण होण्याआधीच भोगून संपवली, त्यांना पुढे कथा मिळाली तेव्हा समुद्राचा नकाशा तोंडपाठ होता. ज्यांनी २०१८ पर्यंत धीर धरला त्यांना तोच खेळ अधिक चांगला मिळाला, आणि गंमत अशी की धीर न धरणाऱ्यांच्या पैशांनी आणि सूचनांनीच तो चांगला झाला होता. यात कोणाची फसवणूक झाली असे मी म्हणत नाही, पण या व्यवहारात कोण काय देतो याचा हिशेब एकदा उघडपणे मांडला गेला पाहिजे.

त्या हिशेबातली दुसरी नोंद अपडेटच्या वेगाची आहे. व्हालहाइम फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा तो पाच जणांच्या चमूने बनवलेला होता आणि महिन्याभरात त्याच्या पन्नास लाख प्रती विकल्या गेल्या. त्यात पाच मोठे शत्रू होते, पाचवा पाडेपर्यंत सहज महिना जात असे, आणि एवढ्या किमतीत एवढा खेळ देणारे फार थोडे असतील. पण नकाशाच्या कडेला धुक्याने भरलेला एक प्रदेश होता, जिथे प्रचंड झाडे आणि कोळ्यांची जाळी यांखेरीज फारसे काही नव्हते. तो प्रदेश भरून आला डिसेंबर २०२२ मध्ये, आणि त्यापुढचा राखेचा प्रदेश मे २०२४ मध्ये. या प्रत्येक वेळी जुना खेळाडू परत आला तो शिगोशीग भरलेल्या पेट्या आणि उत्तम चिलखत घेऊन. नव्या प्रदेशात काही तास अडखळला आणि पुन्हा दाराशी येऊन थांबला. शेपटाला जोडलेल्या कंटेंटची ही अडचण असते. तो आधीच सगळे मिळवून बसलेल्या माणसाला दिला जातो, त्यामुळे ज्या टंचाईवर खेळ उभा होता ती तिथे नसते. हा आरोप नसून या प्रकाराचा अंगभूत दोष आहे, आणि पाच माणसांनी यापेक्षा वेगाने काम करायला हवे होते असे म्हणणे मला तरी शोभणार नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की अपडेट आखताना शेवटाकडे जितके लक्ष देता तितकेच सुरुवातीकडे आणि मध्याकडे द्या. परतणारा माणूस बहुधा नवे जग सुरू करतो, आणि त्या नव्या जगातले पहिले दहा तास जसेच्या तसे असतील तर नव्या प्रदेशापर्यंत पोचण्याआधीच त्याचा हात थांबतो. अर्थात याचीही एक विकृती आहे. सेव्हन डेज टू डाय २०१३ मध्ये सुरू होऊन जुलै २०२४ मध्ये पूर्ण आवृत्तीला पोचला, आणि या दहाहून अधिक वर्षांत त्यातली कौशल्ये शिकण्याची पद्धत मुळापासून पुन्हापुन्हा बदलली. आधी जे काम करावे त्यात हात बसत जाई, मग गुण वाटून घ्यायचे झाले, आणि नंतर वस्तू बनवण्याची विद्या सापडतील ती मासिके वाचून मिळवायची झाली. प्रत्येक बदलामागे कारण असेलच, आणि दर सातव्या रात्री चाल करून येणाऱ्या टोळीचा ताण इतका पक्का आहे की मी त्या खेळाकडे पुन्हा वळतो. परंतु आपण विकत घेतलेला खेळ नक्की कोणता होता असा प्रश्न पडावा इतका पायाच हलत राहणे हेही टिकाऊ मजेचे लक्षण नव्हे.

सेव्हचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या जगाचा, प्रश्न याला लागूनच येतो आणि त्यावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण खेळाडूच्या मनाला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट हीच असते. एका खेळात (नाव घेत नाही, कारण तो बनवणारे लोक प्रामाणिक होते) मी आणि माझे दोन मित्र तीन आठवडे एका कड्यावर घर बांधत होतो. खाली उतरायला शिड्या, धान्यासाठी वेगळी खोली, मेलेल्या पाळीव प्राण्याच्या नावाचा दगडसुद्धा उभा केला होता. मग अपडेट आले, जगाची जडणघडण बदलली, आमचा कडा निम्मा जमिनीत गेला, आणि निवेदनात एका ओळीत 'नव्याने सुरुवात करावी अशी शिफारस आहे' असे लिहिलेले होते. आम्ही नव्याने सुरुवात केली नाही. अपडेटमध्ये खूप नवे होते असे नंतर कळले, पण ते पाहायला आमच्यातले कोणी परत गेले नाही.

पुसले जाणे स्वतःहून वाईट असते असे नाही. रस्टमध्ये दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सर्व्हर, म्हणजे खेळाडूंची सामायिक ऑनलाइन जगे, पुसले जातात आणि तीच त्या खेळाची नाडी आहे. तिथला धोका म्हणजे दुसरी माणसे, आणि माणसे कधी पूर्ण माहीत होत नाहीत. शिवाय सगळ्यांनी बांधलेले आणि साठवलेले एकाच दिवशी जाते, त्यामुळे टंचाई आणि अज्ञान दोन्ही दर महिन्याला ताजी होतात. मात्र तो करार खेळाडूला आधीपासून ठाऊक असतो. दुसऱ्या टोकाला प्रोजेक्ट झॉम्बॉइडने डिसेंबर २०२४ मध्ये आपली बेचाळिसावी बिल्ड (आवृत्ती) वेगळ्या, अस्थिर शाखेवर ठेवली आणि एक्केचाळिसावी स्थिर बिल्ड ज्यांना हवी त्यांच्यासाठी जागच्या जागी राहू दिली. ज्याला नवे पाहायची घाई आहे त्याने मोडतोड सोसावी, ज्याचे घर उभे आहे त्याचे उभे राहावे. स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, अशी शाखा ठेवता येते, त्यामुळे आमच्या कड्याचे जे झाले ते टाळणे अनेकदा शक्य असते. निदान कोणते अपडेट जुनी जगे मोडेल हे काही आठवडे आधी, ठळक अक्षरांत सांगणे तर सर्वांनाच शक्य आहे.

तास फुगवण्याबद्दल फार लिहीत नाही. एखाद्या वस्तूला दहा लोखंडाऐवजी साठ लोखंड लावले की खेळ सहापट मोठा होत नाही, आणि प्राणी माणसाळेपर्यंत घड्याळाकडे पाहत त्याच्या शेजारी उभे राहणे म्हणजे सर्व्हायव्हल नव्हे. ज्या सेटिंगमधून हे आकडे खेळाडूला स्वतः कमीजास्त करता येतात त्या पहिल्या दिवसापासून द्या, म्हणजे भांडण मिटेल.

पैशांबद्दल मात्र लिहावे लागेल. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास परतावा मागता येतो. सर्व्हायव्हल गेमच्या पहिल्या दोन तासांत जेमतेम छप्पर उभे राहते. तुमच्या खेळातली रिकामी जागा विसाव्या किंवा तिसाव्या तासाला दिसते, आणि तोवर परताव्याची मुदत केव्हाच उलटलेली असते. म्हणजे या प्रकारात खरेदीदाराला नियमाचे संरक्षण सर्वांत कमी आहे आणि तुमच्या शब्दावरची भिस्त सर्वांत जास्त आहे. द डे बिफोरच्या बाबतीत जे झाले ते सर्वांना आठवत असेल. ७ डिसेंबर २०२३ रोजी तो अर्ली ॲक्सेसमध्ये विक्रीला आला आणि चार दिवसांनी स्टुडिओनेच बंद होत असल्याचे जाहीर केले. तिथे निदान लोकांना पैसे परत मिळाले. आर्क अजून अर्ली ॲक्सेसमध्ये असतानाच सप्टेंबर २०१६ मध्ये त्याचा वेगळ्या किमतीचा विस्तार विकायला काढला गेला, तेव्हा मूळ घर अर्धवट असताना शेजारी दुसरे बांधून विकण्याचा तो प्रकार अनेकांना खटकला होता, आणि मला तो आजही समर्थनीय वाटत नाही.

स्टीमच्या पानावर 'हा खेळ अर्ली ॲक्सेसमध्ये साधारण किती काळ राहील' असा प्रश्न तुम्हाला विचारलेला असतो. 'सहा महिने ते एक वर्ष' हे त्याचे उत्तर मी इतक्या पानांवर वाचले आहे की आता मी ते वाचणे सोडून दिले आहे. डेझी डिसेंबर २०१३ मध्ये आला आणि डिसेंबर २०१८ मध्ये पूर्ण झाला; द फॉरेस्टला मे २०१४ ते एप्रिल २०१८ एवढा काळ लागला. त्याच चमूचा पुढचा खेळ, सन्स ऑफ द फॉरेस्ट, फेब्रुवारी २०२३ मध्ये आला आणि वर्ष भरायला एक दिवस असताना पूर्ण झाला, तेव्हा वेळ पाळणे अशक्य आहे असे नाही. पण मी तारखेचा आग्रह धरत नाही. व्हालहाइमच्या चमूने २०२१ साठीचा चार अपडेटचा आराखडा जाहीर केला होता, तो पेलणार नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी तो बाजूला ठेवला, आणि त्यामुळे माझ्या मनातला त्यांचा मान कमी झाला नाही. मला तारखेऐवजी सीमा हवी आहे. आजच्या आवृत्तीत वाट कुठे संपते, कोणत्या प्रदेशापुढे रिकामे रान आहे, शेवट आहे का, आणि जो आहे तो कायमचा आहे की तात्पुरता, एवढे चार वाक्यांत सांगा. मग आपला पहिलेपणा आज खर्च करायचा की राखून ठेवायचा हे ज्याचे त्याला ठरवता येईल. आजच्या स्थितीत खेळायची उत्सुकता नसेल तर थांबा, असे स्टीम स्वतःच खरेदीदाराला सांगते. पण आजची स्थिती काय हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्या सल्ल्याचा उपयोग कसा व्हावा?

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने. जानेवारी २०२४ मध्ये पालवर्ल्ड एका वेळी वीस लाखांहून अधिक माणसे स्टीमवर खेळत होती, पुढच्या आठवड्यांत ती संख्या झपाट्याने उतरली, आणि लगेच खेळ मेला अशी आवई उठली. ही आवई मूर्खपणाची होती. चाळीस तास मनापासून खेळून माणूस उठला तर त्याचे पोट भरले, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि त्याला रोज परत आणण्यासाठी हजेरीची बक्षिसे आणि कामांच्या याद्या खेळात कोंबण्याची गरज नाही. आम्ही अपडेट आल्यावर येऊ, मित्र जमले की येऊ, पाऊण वर्ष येणारही नाही. टिकाऊ मजा या शब्दाचा अर्थ मी तरी असा घेतो की परत यावेसे वाटले तर घर उभे असावे.

हे लिहीत असताना माझ्या विकत घ्यायच्या यादीत तुमच्यापैकी एकाचा खेळ गेले चार महिने तसाच पडून आहे. चित्रफितीत पहिली रात्र दिसते, ती पाहून हात शिवशिवतो, आणि पानावर बायोमची संख्या मोठ्या अक्षरांत दिलेली आहे. त्या बायोमपैकी शेवटचा आज पूर्ण आहे की नाही, हे मात्र कुठेही लिहिलेले नाही. ते लिहिले जाईपर्यंत मी तो विकत घेऊन ठेवीन, पण सुरू करणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना खेळाडू